माळ्यावरच्या कॅसेटी आणि दुकानात कधीच न आलेले गेम

मागच्या अंकात मी याच पानावर चार ओळी लिहिल्या होत्या, की कुणाच्या घरी ऐंशीच्या दशकातले घरगुती कॉम्प्युटर, त्यांच्या कॅसेटी, फ्लॉप्या पडून असतील तर टाकू नका, आधी मला लिहा, कारण त्यात एखादा असा गेम असू शकतो जो बनला पण बाजारात कधी आलाच नाही आणि ज्याची अख्ख्या जगात तेवढी एकच प्रत उरलीय. मला वाटलं दोनतीन पत्रं येतील. आली पिशवीभर, आणि बहुतेक चवथीच्या साफसफाईत खोकी उघडल्यावर लिहिलेली. सगळ्यांना इथे जागा नाही, पण ज्यांचं उत्तर थांबवून चालणार नाही ती आधी घेतो.

प्रश्न : सर, माझे मामा बोटीवर होते. १९८५ साली त्यांनी इंग्लंडहून स्पेक्ट्रम कॉम्प्युटर आणला, आम्ही भाचरं मे महिन्याच्या सुट्टीत त्याच्यावर खेळायचो. मामा दोन वर्षांपूर्वी गेले. आता माळा साफ करताना खोकं मिळालं, चाळीसेक कॅसेटी आहेत. बऱ्याच छापील कव्हरच्या, पण आठ-दहा साध्या, पेनने नाव घातलेल्या, आणि एकीवर इंग्रजीत नुसतं ‘डेमो, कॉपी करू नये’ असं लिहिलंय. हा न आलेला गेम असेल का? लावून बघू का?
(एक वाचक, डिचोली)

उत्तर : लावून बघू नका. सगळ्यात आधी हेच सांगतो, कारण ही चूक मी लोकांना करताना पाहिलीय. चाळीस वर्षांची फीत आहे, आणि घरात जो टेपरेकॉर्डर असेल त्याचा बेल्ट सैल झालेला असणार, रबराचा रोलर चिकट झालेला असणार, त्याने फीत गिळली की संपलं. त्यामुळे पहिल्यांदा ती वाजेल तेव्हा पलीकडे रेकॉर्डिंग चालू असलं पाहिजे. आधी कॉपी, मग खेळ.

कॉपी म्हणजे काय करायचं ते सांगतो. स्पेक्ट्रमच्या कॅसेटवर गेम म्हणजे निव्वळ आवाज असतो. शून्याचा स्वर साधारण २००० हर्ट्झचा, एकचा त्याच्या निम्म्या, म्हणजे १००० च्या जवळ. आधी लांब ‘पींऽऽ’ येतं आणि मग तो कर्रर्र आवाज, ज्याने तुमची आजी कान झाकून घ्यायची, तोच गेम. सेकंदाला सरासरी १५०० बिट जातात, म्हणून पूर्ण ४८ के मेमरी भरायला साडेचार मिनिटं लागायची. म्हणजे तो आवाज कॉम्प्युटरवर नीट रेकॉर्ड झाला तर गेम वाचला. बरा कॅसेट डेक मिळवा, फोंड्यात मडगावात जुने साउंड सर्व्हिसवाले अजून दोनचार आहेत त्यांच्याकडून बेल्ट बदलून घ्या, लाइन आउटमधून वायर काढून कॉम्प्युटरच्या लाइन इनला द्या आणि वॅव्ह फाइल करा, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. एमपी३ नको, डेकवरचं खरखर कमी करणारं डॉल्बीचं बटण बंद, आवाज स्वच्छ करणारे कसलेही फिल्टर नकोत, ते आपल्याला खरखर वाटणारी माहितीच पुसून टाकतात. मोबाइल स्पीकरसमोर धरून तर अजिबात नको. कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या टिकल्या शाबूत असतील तर आधी त्या मोडा म्हणजे चुकूनही वरून रेकॉर्ड होणार नाही. आणि आवाज दबका, बोदा येत असेल तर डेकमध्ये फीत वाचणारं जे हेड असतं त्याच्याशेजारी बारीक स्क्रू असतो तो अगदी केसभर फिरवून आवाज जिथे सगळ्यात टोकदार होतो तिथे सोडा, कारण मामांच्या टेपरेकॉर्डरचं हेड ज्या तिरकेपणात होतं त्याच तिरकेपणात आपलं हेड यायला हवं. प्रत्येक बाजू दोनदा तरी घ्या. फितीत एखाद्या ठिकाणी आवाज दबला तर दुसऱ्या खेपेत तोच तुकडा धड येतो, आणि दोन्ही जोडून पूर्ण होतो.

आता ओळख. स्पेक्ट्रमच्या नेहमीच्या पद्धतीने साठवलेल्या प्रत्येक भागाच्या आधी १७ बाइटची छोटी चिठ्ठी असते, हेडर म्हणतात, त्यात दहा अक्षरांचं नाव असतं आणि पुढच्या भागाची लांबी. म्हणजे गेम लोड झाला नाही तरी नाव वाचता येतं! वॅव्हवरून टीझेडएक्स नावाची फाइल बनवणारे फुकटचे प्रोग्रॅम मिळतात, ते हे सगळं दाखवतात, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी एक तपासणीचा बाइट असतो त्यावरून भाग शाबूत आला की नाही तेही सांगतात. तो बाइट जुळला नाही की स्क्रीनवर ‘आर टेप लोडिंग एरर’ यायचं, तुम्हाला आठवत असेल, साडेचार मिनिटं थांबून शेवटच्या क्षणाला यायचं.

नाव मिळालं की यादीशी ताडून बघायचं. स्पेक्ट्रमच्या लोकांनी हे काम फार जिवापाड केलंय, वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रमचा संग्रह १९९५ पासून उभा राहिला आणि त्यात हजारो गेम आहेत, शिवाय ज्यांची जाहिरात झाली पण प्रत कुणाकडेच नाही त्यांनाही ‘बेपत्ता’ अशी वेगळी खूण आहे. खरं सांगतो, पेनने नाव लिहिलेल्या कॅसेटी शंभरातल्या नव्वदवेळा मित्राकडून उतरवून घेतलेल्या असतात, त्यामुळे फार आशा लावून घेऊ नका. पण ती ‘डेमो’वाली वेगळी काढून ठेवा. कंपन्या गेम पूर्ण व्हायच्या आधी मासिकांना, दुकानदारांना अर्धवट प्रती पाठवत, आणि नंतर गेम बाजारात आला असला तरी डेमोत वेगळी लेव्हल, वेगळं चित्र, नंतर काढून टाकलेलं काहीतरी असू शकतं. तेही दुसरीकडे कुठे नसतं.

आणि लेबलचे फोटो काढा, दोन्ही बाजूंचे, आतल्या चिठ्ठीचेही. मामा कुठल्या बंदरात उतरायचे, कॅसेटी कुणाकडून घ्यायचे हे घरात कुणाला आठवत असेल, मामींना, थोरल्या भावाला, तर ते आजच वहीत लिहून काढा. कॅसेट अजून चार वर्षं तग धरेल, माणसांच्या आठवणीचा भरवसा नाही.

प्रश्न : आमच्या कॅसेटींना पांढरी बुरशी आलीय. टेपच्या कडेला भुकटीसारखं दिसतं. ऊन दाखवलं तर जाईल का?
(एक वाचक भगिनी, फोंडा)

उत्तर : ताई, ऊन नको. हेअर ड्रायर नको, फ्रिजपण नको, बाहेर काढल्यावर दव धरतं. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जूनपासून चार महिने भिंतीसुद्धा घाम सोडतात, तिथे फितीचं काय होणार. फीत म्हणजे पॉलिएस्टरची पट्टी, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडची भुकटी, आणि ती भुकटी धरून ठेवणारा चिकट लेप. हा लेप दमटपणा ओढून घेतो, मऊ पडतो, आणि बुरशीला तोच खायला आवडतो. युरोपात कोरड्या कपाटात तीच कॅसेट चाळीस वर्षं नुसती पडून राहिली तरी बहुतेकवेळा वाजते, आपल्याकडची नाही. म्हणून गोव्यातल्या खोक्यांची मला जास्त घाई आहे.

करायचं असं. बुरशीवाल्या कॅसेटी बाकीच्यांपासून आजच वेगळ्या करा आणि कुठल्याही डेकमध्ये घालू नका, एक घातली की ती बुरशी हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला जाते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात आठ-पंधरा दिवस ठेवा, बुरशी सुकून मरगळते. तांदूळ घालू नका, त्याची पिठी आत जाते. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेने प्लास्टिक बिघडतं. मग पाऊस नसलेल्या दिवशी बाहेर बल्कांवात बसून, तोंडाला मास्क लावून (हे सांगण्यापुरतं नाही, ही बुरशी छातीत जाते), पेन्सिल घालून फीत हाताने सावकाश गुंडाळत मऊ कोरड्या कापडातून हलकेच जाऊ द्या. फीत एकमेकांना चिकटलेली वाटली, अडायला लागली, तर तिथेच थांबा. ओढू नका. ती कॅसेट मग जाणकाराकडेच जायला हवी.

कॅसेटला पाच स्क्रू असतील तर नशीब, उघडून फिरक्या नव्या कॅसेटच्या कवचात घालता येतात, आतला तो स्पंजचा छोटा तुकडा, फीत हेडला दाबून धरणारा, जुना झाला की गळून पडतो, तोही त्यातच बदलला जातो. डेकचं हेड प्रत्येक कॅसेटनंतर पुसायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापूस गुंडाळलेल्या काडीने. तेवढं केमिस्टकडे मागून आणा, घरातल्या कसल्याही स्पिरिटने पुसू नका.

प्रश्न : सर, मी पणजीला कॉम्प्युटर इंजिनियरिंगला आहे. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचे हे गेम, पण मला त्यांचं वेड लागलंय. हे न आलेले गेम लोक शोधतात तरी कसे? म्हणजे जे दुकानात आलंच नाही ते होतं हेच कसं कळतं? मी इथे बसून काही करू शकतो का?
(एक विद्यार्थी, पणजी)

उत्तर : तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण हे काम म्हाताऱ्यांच्या आठवणींवर चाललंय आणि करायला मात्र तरुण डोळे लागतात.

सुरुवात जुन्या मासिकांपासून होते. इंग्लंडात फेब्रुवारी १९८४ मध्ये लडलो नावाच्या गावातून स्पेक्ट्रमसाठी ‘क्रॅश’ नावाचं मासिक निघालं, पुढच्या वर्षी कमोडोर ६४ या तेव्हाच्या दुसऱ्या घरगुती कॉम्प्युटरसाठी त्याच मंडळींनी ‘झॅप ६४’ काढलं, असे अंक आता नेटवर पानं न् पानं स्कॅन केलेले आहेत. त्यातल्या ‘लवकरच येत आहे’ अशा जाहिराती, अर्धवट गेमचे फोटो, बातम्या वाचत जायचं आणि प्रत्येक नाव बाजारात आलेल्या गेमच्या यादीत शोधायचं. जे सापडत नाही ते वहीत. मग पुढचा प्रश्न, नाव बदलून आलं का? बरेच गेम नाव बदलून आलेत, त्यामुळे फोटो बघूनच ठरवायचं. उरतील ते खरे बेपत्ता.

गेम राहून का जायचे याची कारणं साधी आहेत. कंपनी बुडायची. सिनेमाचं लायसन्स घेतलेलं असायचं त्याची मुदत संपायची. काही गेम वाईटच जमायचे. आणि १९९१ नंतर मशीनचाच बाजार बसत गेला, स्पेक्ट्रम १९९२ मध्ये बंद झाला, कमोडोर कंपनीचं १९९४ मध्ये दिवाळं निघालं, त्या दोनतीन वर्षांत पूर्ण तयार गेमसुद्धा प्रोग्रॅमरच्या घरीच राहिले कारण कॅसेट छापून ठेवायला दुकानच उरलं नव्हतं. कमोडोर ६४ चा डॅफी डकचा गेम बघ, मासिकांत त्याचे रिव्ह्यू छापून आले, कंपनी बुडाली, गेम दुकानात आला नाही, आणि वीस वर्षांहून जास्त काळानंतर बनवणाऱ्यांकडच्या डिस्कमधून निघाला. म्हणजे रिव्ह्यू वाचून पैसे साठवलेली पोरं चाळिशीत गेली तेव्हा त्यांना तो खेळायला मिळाला.

सगळ्यात गाजलेली गोष्ट लिव्हरपूलच्या इमॅजिन सॉफ्टवेअरची. त्यांनी १९८४ मध्ये सायक्लॅप्स आणि बँडरस्नॅच अशा दोन ‘मेगागेम’च्या मोठमोठ्या जाहिराती केल्या, मशीनला वेगळं हार्डवेअर जोडूनच चालतील असे, आणि त्याच उन्हाळ्यात कंपनी कोसळली, बीबीसीचे कॅमेरे आत शूटिंग करत असताना. बँडरस्नॅचमधल्या कल्पना पुढे ब्राटाकस नावाच्या वेगळ्याच गेममध्ये १९८६ साली आल्या. पण स्पेक्ट्रमवर जाहिरात झाली होती तसा गेम कुणालाच खेळायला मिळाला नाही.

याच्या उलट मायर मेअर. अल्टिमेट कंपनीने १९८४ च्या अंडरवर्ल्ड गेमच्या शेवटी पुढचा भाग म्हणून हे नाव टाकलं, लोकांनी वर्षानुवर्षं शोधला, आणि शेवटी कळलं की तो बनवायलाच घेतला नव्हता. मला विचारशील तर हे शोधून काढणंही तितकंच मोलाचं आहे. ‘हा गेम नव्हताच’ असं पुराव्यानिशी एकाने लिहून ठेवलं की पुढच्या शंभर जणांची वर्षं वाचतात.

नाव पक्कं झालं की माणूस शोधायचा. प्रोग्रॅमर, चित्रकार, संगीत करणारा, आणि विसरू नको, गेम तपासणारी पोरं आणि मासिकात रिव्ह्यू लिहिणारे, कारण त्यांच्याकडे प्रती जायच्या. पत्र एकदाच लिहायचं, छोटं, नम्र, कुठला गेम, कुठल्या अंकात फोटो बघितला, ते स्कॅन जोडून. कधी कधी तो फोटो बघूनच माणूस हळवा होतो, कारण स्वतःचं ते काम त्याने पस्तीस वर्षांत बघितलेलं नसतं. उत्तर आलं नाही तर पाठी लागायचं नाही. कुणाला ते दिवस आठवायचे नसतात, पगार बुडालेला असतो, मित्रांशी फाटलेलं असतं. आणि उत्तर आलं तर पहिलं वाक्य हेच, डिस्क सापडली तर ड्राइव्हमध्ये घालू नका.

कारण डिस्कचं वेगळं शास्त्र आहे. नेहमीचा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह फक्त पीसीच्या पद्धतीची साडेतीन इंची डिस्क वाचतो, कमोडोर ६४ ची सव्वापाच इंची डिस्क त्यात बसतच नाही, आणि कमोडोरच्याच अमिगा कॉम्प्युटरची डिस्क बसली तरी कळत नाही, मग ती कोरी आहे फॉरमॅट करू का, म्हणजे पुसून नव्याने आखू का, असं कॉम्प्युटर विचारतो, आणि अशावेळी चुकून हो म्हणणारे आहेत. त्यासाठी क्रायोफ्लक्स, ग्रीझवीझल अशी छोटी बोर्डं मिळतात, ती जुन्या ड्राइव्हला जोडली की डिस्कवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे उतरवून घेतात, अर्थ नंतर लावता येतो. आणि लिहिण्यापासून वाचवायचं कसं ते दोन्हींत उलटं आहे बघ, सव्वापाच इंचीची खाच चिकटपट्टीने बुजवायची, साडेतीन इंचीची खिडकी मात्र उघडी ठेवायची.

तू तिथे बसून खूप करू शकतोस. एका मासिकाचे एका वर्षाचे अंक घे आणि जाहिराती ताडायला लाग. बाजारात आलेल्या गेमचीसुद्धा गत चांगली नाही, अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजलं तर २०१० च्या आधी तिथे आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज सरळ विकत मिळत नाहीत, आणि कमोडोर ६४ चे तर शंभरातले पाचही नाहीत. छापून हजारो प्रती विकल्या गेल्या त्यांचं हे, मग ज्याची एकच प्रत होती त्याचं काय ते तूच समज.

प्रश्न : माझे बाबा कुवेतला होते. तिथे त्यांनी अरबी अक्षरांचा साख्र कंपनीचा कॉम्प्युटर घेतला होता आणि रात्री ड्युटीवरून आल्यावर त्यावर आम्हा मुलांसाठी एक गेम लिहायचे. १९९० च्या ऑगस्टमध्ये सगळं सोडून निघावं लागलं, एक बॅग घेऊन अम्मानमार्गे आलो, कॉम्प्युटर तिथेच राहिला, पण बाबांनी ती कॅसेट खिशात घालून आणली. गेम अर्धवटच होता. बाबा आता नाहीत. असा गेम जपण्यात काही अर्थ आहे का? तो काही कुठल्या कंपनीचा नव्हता.
(एक वाचक भगिनी, मडगाव)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि पिशवीतलं सगळ्यात वर ठेवलं.

अर्थ आहे. कंपनीचा गेम निदान मासिकात तरी छापून आला, कुणीतरी कुठेतरी त्याचं नाव घेतं. तुमच्या बाबांच्या गेमची साक्ष तुमच्याशिवाय कुणीच देऊ शकत नाही. कुवेतवरून त्या दोन महिन्यांत पावणेदोन लाखाच्या आसपास भारतीय परत आले, आपल्या गोव्यातले किती होते त्यात, प्रत्येकाने बॅगेत काय घेतलं आणि काय सोडलं, आणि तुमच्या बाबांनी त्यात कॅसेट घेतली. त्यांना ती महत्त्वाची वाटली होती.

तुमचं काम तसं सोपं आहे. साख्रचे ते कॉम्प्युटर एमएसएक्स पद्धतीचे, १९८३ मध्ये जपानमध्ये जाहीर झालेली ही पद्धत, अनेक कंपन्या एकच पद्धत वापरायच्या, त्यामुळे तुमचं मशीन कुवेतला राहिलं तरी बिघडत नाही. कॅसेटचा आवाज वर डिचोलीच्या वाचकांना सांगितला तसाच रेकॉर्ड करायचा. एमएसएक्स १२०० आणि २४०० हर्ट्झच्या दोन स्वरांत लिहितं (वेग दुप्पट केला असेल तर स्वरही दुप्पट), आणि स्पेक्ट्रमपेक्षा तसं समजायला सोपं जातं. मग ओपनएमएसएक्स नावाचा एम्युलेटर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुनं मशीन उभं करणारा प्रोग्रॅम, त्यात कॅसेट म्हणून ती फाइल द्यायची. एम्युलेटरमध्ये अरबी साख्रचंच मशीन निवडा, साध्या एमएसएक्सवर अरबी अक्षरं असतील तिथे भलतीच चिन्हं दिसतील.

आता महत्त्वाचं. बाबांनी बेसिक या सोप्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला असेल, बहुतेक तसंच असणार, तर ‘सीलोड’ म्हटल्यावर लोड होईल, आणि लगेच ‘रन’ करू नका, आधी ‘लिस्ट’ म्हणा. अख्खा प्रोग्रॅम ओळीने वाचता येईल. त्यात ‘रेम’ने सुरू होणाऱ्या ओळी असतात, त्या मशीनसाठी नसतात, लिहिणाऱ्याने स्वतःसाठी लिहिलेल्या असतात, हे इथे असं का केलं, हे उद्या करायचं. तुम्हा भावंडांची नावं त्यात निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही. ती लिस्टिंग कागदावर छापून घ्या, कागद सगळ्यात जास्त टिकतो.

अर्धवट आहे म्हणून कुणाकडून तो पूर्ण करून घ्यायची घाई नको. करायचा तर वेगळी प्रत करून तिच्यावर, मूळ फाइल आहे तशीच राहू दे, जिथे बाबा थांबले तिथेच थांबलेली.

मी हे एवढं का सांगतोय तेही लिहितो. १९८६ च्या जुलैमध्ये मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, आणि पुढची काही वर्षं पणजी–बेती फेरीबोट हेच आमचं जगणं होतं. तेव्हा सरकारच्या क्लास प्रकल्पातून देशभर शाळांना बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर मिळाले होते, मी ज्या शाळेत होतो तिथेही आले, आणि मी त्यावर फेरीबोटीचा गेम लिहिला. बोट बेतीहून पणजीला न्यायची, मधून खनिजाच्या बार्ज जातात त्यांना चुकवायचं, उशीर झाला की धक्क्यावर माणसांची रांग वाढते. मशीनची मेमरी ३२ के, त्यातली २० के आठ रंगांची स्क्रीनच खायची, डिस्क जोडलेली असली की प्रोग्रॅमला सहा के पण उरायचे नाहीत, म्हणून मी चार रंगांवर आलो, पाणी आणि आकाश एकाच निळ्यात. पोरं रिसेसमध्ये खेळायला रांग लावायची. सगळं लॅबच्या फ्लॉपीवर होतं. पुढच्या वर्षी परीक्षेसाठी कोऱ्या फ्लॉप्या हव्या होत्या, सगळ्या फॉरमॅट केल्या गेल्या. कुणी मुद्दाम केलं नाही, कुणाला ते ठेवण्यासारखं वाटलं नाही इतकंच. मला त्या गेमची एक ओळसुद्धा आता आठवत नाही, आणि मला ती हवी आहे. तुमच्याकडे कॅसेट आहे ताई, ती वाचवूया. संपादकांच्या पत्त्यावर कळवा, डेक घेऊन मी स्वतः मडगावला येतो, पोस्टाने पाठवू नका.

प्रश्न : असे गेम कॉपी करणं कायद्यात बसतं का? नेटवर टाकले तर?
(एक वाचक, वास्को)

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरलाय, आणि कलम ५२ मध्ये प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे त्याला ती खराब व्हायच्या, नष्ट व्हायच्या भीतीपोटी बॅकअप काढायची मुभा आहे. तेव्हा आपल्या घरातल्या कॅसेटची फाइल करून ठेवली तर घाबरू नका. नेटवर सगळ्यांना वाटणं वेगळं, तिथे हक्कदाराची परवानगी लागते, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे या गेमपैकी जवळजवळ एकाचेही संपलेले नाहीत. न आलेल्या गेमचा हक्क कधी प्रोग्रॅमरचा, कधी बुडालेली कंपनी ज्याने विकत घेतली त्याचा. विचारायचं. लोक नाही म्हणतात असं नाही, अॅमस्ट्रॅड कंपनीने १९८६ मध्ये स्पेक्ट्रम बनवणाऱ्या सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा विकत घेतला आणि पुढे स्पेक्ट्रमच्या आतला प्रोग्रॅम एम्युलेटरबरोबर फुकट वाटू दिला, म्हणून तर आज आपण हे सगळं करू शकतो. परवानगी येईपर्यंत फाइल दोन-तीन ठिकाणी जपून ठेवा, वाटायची घाई नको. मोठी भानगड असेल तर वकिलालाच विचारा.

प्रश्न : एका हिरव्या बोर्डावर मधे काचेची गोल खिडकी असलेली चिप आहे, त्यावर कागदाची चिकटपट्टी अर्धी निघालीय. ती काढून आत बघितलं तर चालेल?
(एक वाचक, पेडणे)

उत्तर : नको! ती ईप्रॉम आहे, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी मेमरीची चिप, त्या खिडकीतून अतिनील किरण पडले की आतलं पुसलं जातं, त्यासाठीच ती खिडकी ठेवलेली असते. खास दिव्याखाली वीस मिनिटांत कोरी होते, कडक उन्हात ठेवली तर साधारण आठवड्यात, ट्यूबलाइटखालीसुद्धा दोनतीन वर्षांत. आत्ता लगेच दुसरी जाड काळी पट्टी वरून लावा, जुनी काढू नका, तिच्यावर तारीख किंवा गेमचं नाव लिहिलेलं असतं, आधी तिचा फोटो घ्या. कारखान्यात बनलेल्या गेमच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे मशीनमध्ये खोचायच्या डबीत, सहसा ही चिप नसते, चाचणीच्या प्रतीत असते, म्हणून तुमचं बोर्ड मला बघायचंय. ईप्रॉम वाचणारं यंत्र आता स्वस्तात मिळतं, तुमच्या ओळखीत इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारं कुणी असेल तर त्यांच्याकडे विचारून बघा.

प्रश्न : म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात मी जुन्या कॅसेटींचं खोकं घेतलं होतं. त्यातल्या एका गेमचं नाव कुठल्याच यादीत नाही. आता बाहेरचा एक संग्राहक चांगले पैसे देतो म्हणतोय, पण अट घालतोय की कॉपी काढायची नाही. काय करू?
(एक वाचक, म्हापसा)

उत्तर : पैसे तुमच्या कष्टाचे आहेत, विकायला माझी काही हरकत नाही, मी विकू नका म्हणणारच नाही. पण त्या अटीवर नको. असे संग्राहक आहेत, आपली प्रत एकुलती राहावी म्हणून कुणाला कॉपी न देणारे, आणि मग त्यांच्या कपाटातच फीत सडते, तेव्हा त्यांच्या हातातही काही राहत नाही. तुम्ही आधी उतरवून घ्या, लेबलचे फोटो घ्या, खोकं ज्याच्याकडून घेतलं त्या विक्रेत्याला येत्या शुक्रवारी गाठून ते कुणाच्या घरातून आलं एवढं विचारा, त्या घरी आणखी खोकी असतील. मग संग्राहकाला सांगा, कॅसेट तुमची, रेकॉर्डिंग सगळ्यांचं. तयार झाला तर ठीक. नाही झाला तर मला कळवा, मला एक-दोघं माहीत आहेत जे या अटीवर आनंदाने घेतील.